परदेशी कामाचे नियम बदलतात तेव्हा : ओरत्तनाडुचा दोन शतकांचा धडा

सिंगापूर बांधकाम कामगारांवरील कर बदलते, मलेशिया नवी भरती थांबवते किंवा सौदी अरेबिया व्हिसापूर्वी कौशल्य परीक्षा सक्तीची करते. अशा बातम्या आपल्याकडे बहुधा आतल्या पानावर छापल्या जातात. तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात मात्र त्यांचा परिणाम थेट घरापर्यंत पोहोचतो. कोणाचा पासपोर्ट पडून राहतो, कोणाचे प्रशिक्षण वाया जाते, तर कोणाला गहाण टाकलेली जमीन सोडविण्यासाठी आणखी दोन वर्षे थांबावे लागते.

राष्ट्रे आपली आर्थिक स्थलांतराची धोरणे बदलत असतात. ही धोरणे अमलात आणणाऱ्या वा त्यांतून मार्ग काढणाऱ्या संस्थांना, म्हणजे भरती कार्यालये, सरकारी महामंडळे, शाळा, परीक्षा केंद्रे आणि परवानाधारक दलाल यांना, प्रत्येक बदलाबरोबर आपले काम नव्याने आखावे लागते. या संस्था जुळवून घेतात, हे इतिहासात वारंवार दिसते. या जुळवून घेण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने १९८३ च्या स्थलांतर कायद्याच्या जागी आणावयाच्या नव्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. त्या पार्श्वभूमीवर हा प्रश्न तपासून पाहणे उचित ठरेल. त्यासाठी ओरत्तनाडुसारखे दुसरे गाव सापडणे कठीण आहे आणि मराठी वाचकाला ते परकेही नाही.

वाटसरूंसाठी उभारलेली संस्था

तंजावरहून दक्षिणेला पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव आहे. एके काळी ते मुक्तांबाळपुरम या नावानेही ओळखले जात असे. व्यंकोजीराजे भोसले यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात मराठी राज्य स्थापन केले. त्याच वंशातील सरफोजीराजे दुसरे यांनी १८०२ च्या सुमारास आपल्या सहचारिणी मुक्तांबा यांच्या स्मरणार्थ येथे छत्र उभारले. मराठीतील अन्नछत्र आणि तमिळमधील ‘चत्तिरम्’ या शब्दांचे मूळ एकच आहे. रामेश्वराला जाणाऱ्या यात्रेकरूंना येथे निवारा व अन्न मिळे. तेथे पाठशाळाही चाले.

या छत्रांचे महत्त्व राजांना किती वाटत होते, याचा एक दाखला नोंदण्यासारखा आहे. १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला व त्याचा परिसर एवढेच उरले. त्यानंतर १८०१ मध्ये सरफोजीराजांनी कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहून छत्रांची व्यवस्था आपल्याच हाती राहू द्यावी, अशी विनंती केली. राज्य गेल्यावरही वाटसरूंच्या जेवणाची सोय तुटू नये, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळच्या जातिव्यवस्थेच्या मर्यादा छत्रांच्या पंगतीलाही होत्या, हे येथे विसरता येणार नाही. तरीही या संस्थेचा एक गुण पुढील चर्चेसाठी लक्षात ठेवावा लागेल. छत्राचा खर्च त्याला तोडून दिलेल्या गावांच्या आणि जमिनींच्या उत्पन्नातून चाले. वाटसरूकडून काही घेतले जात नसे.

पुढे परिस्थिती पालटली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून निधन पावले आणि तंजावरचे राज्य खालसा झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८६० च्या दशकाच्या आरंभी, नागपट्टिनमहून तंजावरमार्गे तिरुचिरापल्लीपर्यंत रेल्वे धावू लागली. १९१४ मध्ये पांबनचा पूल झाला आणि रामेश्वराची वाट रुळांवरून जाऊ लागली. पायी जाणारा यात्रेकरू कमी झाला आणि छत्रांचे मूळ काम आटले. मात्र छत्रे बंद पडली नाहीत. त्यांची व्यवस्था स्थानिक मंडळांकडे व कालांतराने जिल्हा प्रशासनाकडे गेली आणि त्यांच्या उत्पन्नातून शाळा व वसतिगृहे चालविली गेली. वाटसरूचे पोट भरणारी संस्था विद्यार्थ्याचे शिक्षण करू लागली. स्वतःचा निधी असल्यामुळे तिला हा बदल साधता आला.

मुकादमाचे राज्य

यात्रेकरूंची वाट ओसरत असताना याच मुलुखातून दुसरी वाट सुरू झाली होती. सिलोनचे कॉफीचे व नंतर चहाचे मळे, मलायाचे ऊस व रबराचे मळे आणि ब्रह्मदेशातील भातशेती व बंदरे यांना मजूर हवे होते. कावेरीच्या खोऱ्यातील भूमिहीन माणूस त्यांना जवळचा आणि स्वस्त होता. नागपट्टिनमच्या बंदरातून पेनांगकडे जहाजे सुटत, तर सिलोनची वाट मंडपम व धनुष्कोडीवरून जाई.

या वाटेवर सर्वांत प्रबळ ठरली ती कंगाणी नावाची व्यवस्था. मळ्यावरील जुना, विश्वासातला मजूर मालकाकडून पैसे घेऊन आपल्या गावी येई, नातलगांना व शेजाऱ्यांना उचल देई आणि त्यांची टोळी घेऊन परत जाई. महाराष्ट्रातील वाचकांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. ऊसतोडीचा मुकादम, त्याची उचल आणि त्याची टोळी यांच्याशी कंगाणीचे साम्य स्पष्ट आहे. मजुराचा प्रवासखर्च, वाटेतले जेवण आणि आगाऊ रक्कम हे सारे त्याच्या नावे कर्ज म्हणून लिहिले जाई. सिलोनमध्ये या कर्जाची ‘तुंडू’ नावाची चिठ्ठी असे. चिठ्ठीवरील रक्कम दुसऱ्या मळ्याने भरली तरच मजुराला तेथे जाता येई. थोडक्यात, माणसाची हालचाल त्याच्या कर्जाच्या कागदाला बांधलेली होती.

मळेवाल्यांची गरज वाढली तसे या व्यवस्थेला सरकारी रूप आले. १९०४ मध्ये सिलोनच्या मळेवाल्यांच्या लेबर कमिशनने तिरुचिरापल्लीत कार्यालय उघडले. मलायाने १९०७ मध्ये तमिळ इमिग्रेशन फंड स्थापन केला. मजूर ठेवणाऱ्या प्रत्येक मालकाकडून या निधीसाठी वर्गणी घेतली जाऊ लागली आणि त्यातून मजुरांचा प्रवासखर्च भागविला जाऊ लागला. जो मालक स्वतः भरती करीत नसे, पण दुसऱ्याने आणलेले मजूर आपल्याकडे ओढून घेत असे, त्यालाही आता वाटा उचलावा लागला. मलायातील वेठबिगारीवजा करारपद्धती १९१० मध्ये संपुष्टात आली, त्यामागे इतर कारणांबरोबर या निधीचाही हातभार होता. सिलोनमध्ये १९२१ साली तुंडू बंद झाली आणि १९२३ मध्ये तेथेही मालकांच्या वर्गणीतून असाच निधी उभारण्यात आला.

हा बदल बारकाईने पाहण्याजोगा आहे. मळेवाले काही रातोरात दयाळू झाले नव्हते आणि वेतन तुटपुंजेच होते. तरीही प्रवासाचा खर्च मालकावर गेला तेव्हा मजूर बंदरावर उतरताना तरी त्याच्या डोक्यावर प्रवासाच्या कर्जाचे ओझे उरले नाही. भरती तीच, बंदर तेच आणि जहाजही तेच होते. बदलली ती पैसे भरणारी बाजू.

कायद्याची पहिली पकड

१९२२ चा स्थलांतर कायदा हा भारत सरकारचा पहिला मोठा हस्तक्षेप म्हणता येईल. ज्या देशांना सरकारने अधिसूचनेद्वारे मान्यता दिली असेल तेथेच अकुशल मजूर नेता येतील, असे त्याने ठरविले. मलाया व सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी नेमले गेले. मलायाच्या सरकारने आवडी व नागपट्टिनम येथे मजुरांसाठी तळ चालविले. तेथे वैद्यकीय तपासणी होई आणि मजूर स्वेच्छेने जात आहे की नाही, याची विचारपूस होई.

या व्यवस्थेची खरी परीक्षा मंदीच्या काळात झाली. १९३० मध्ये रबराचे भाव कोसळताच मलायाने भरती थांबविली आणि हजारो मजुरांना मायदेशी पाठविले. पुढे परिस्थिती सुधारल्यावर व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांना तेथील भारतीय मजुरांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी पाठविण्यात आले. शास्त्री मूळचे तंजावर जिल्ह्यातील वलंगैमानचे. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात त्यांनी कंगाणीमार्फत होणारी भरती बंद करण्याची शिफारस केली. वेतनकपातीवरून वाद वाढल्यावर १९३८ मध्ये भारत सरकारने मलायाला मजूर पाठविण्यावर आणि १९३९ मध्ये सिलोनला जाण्यावर बंदी घातली.

स्वातंत्र्यानंतर दारे दुसऱ्या बाजूनेही बंद होत गेली. सिलोनच्या १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांवरील लाखो भारतीय वंशाचे लोक कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. १९६४ च्या सिरिमाओ-शास्त्री कराराने त्यांपैकी ५ लाख २५ हजार जणांना भारताने स्वीकारावे आणि ३ लाख जणांना सिलोनने नागरिकत्व द्यावे, असे ठरले. उरलेल्या दीड लाख लोकांचा निर्णय १९७४ मध्ये झाला. मलायाने १९५३ पासून प्रवेशासाठी विशेष कौशल्याची अट घातली. ज्या मंडपमच्या छावणीतून पूर्वी मजूर सिलोनकडे रवाना होत, तीच छावणी परतणाऱ्यांच्या स्वागताचे ठिकाण बनली. संस्थेची इमारत तीच राहून तिच्यातील माणसांच्या प्रवाहाची दिशा उलटल्याचे हे बोलके उदाहरण आहे.

आखाताची वाट आणि दहावीचे प्रमाणपत्र

१९३४ मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाले. नव्या ग्रँड अनिकट कालव्यातून कावेरीचे पाणी ओरत्तनाडु व पट्टुकोट्टईच्या पट्ट्यात आले आणि कोरडवाहू जमिनीत भात पिकू लागला. पाणी आले तरी त्याची हमी मात्र आली नाही. मेट्टूरची पातळी खालावली की कालव्याच्या शेवटच्या टोकाकडील शेतकऱ्याला प्रथम झळ बसते. त्यातच १६ नोव्हेंबर २०१८ रोजी आलेल्या ‘गज’ चक्रीवादळाने या भागातील नारळाच्या बागा उद्ध्वस्त केल्या. नव्याने लावलेला नारळ फळाला येण्यास अनेक वर्षे लागतात. सावकाराचे व्याज तेवढे थांबत नाही. परदेशी कामाचे आकर्षण या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

१९७० च्या दशकात तेलाचे भाव चढले आणि आखाती देशांनी मजुरांसाठी दारे उघडली. जुना कायदा या नव्या ओघाला पुरा पडेना. तमिळनाडू सरकारने १९७८ मध्ये ओव्हरसीज मॅनपॉवर कॉर्पोरेशन हे महामंडळ स्थापन केले आणि केंद्र सरकारने १९८३ चा स्थलांतर कायदा केला. या कायद्याने भरती करणाऱ्याला परवाना सक्तीचा झाला आणि ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याकडून मजुरांची अनुज्ञा घेण्याची पद्धत रूढ झाली.

याच व्यवस्थेत एक अट अशी आहे, जिने गावच्या शाळेला नकळत सीमेवरच्या चौकीचे महत्त्व दिले. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर सामान्यतः अनुज्ञा आवश्यक असल्याची नोंद होते. आखाती राष्ट्रे आणि मलेशियासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना अशा व्यक्तीला सरकारी परवानगी घ्यावी लागते. दहावी झालेल्याला ती लागत नाही. शिकलेला माणूस स्वतःचे हित पाहू शकतो आणि न शिकलेल्याला संरक्षणाची गरज असते, असे यामागचे तत्त्व सांगितले जाते. प्रत्यक्षात दहावी झालेला तरुणही अरबीतला करार वाचू शकत नाही. शिवाय अनुज्ञेची गरज नसल्यामुळे त्याची नोंद व तपासणीही सुटते. नियम संरक्षणासाठी केलेला असला तरी त्याच्या कक्षेबाहेर राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सिंगापूर तर या १८ देशांच्या यादीतच नाही. २०१५ च्या तमिळनाडू स्थलांतर पाहणीनुसार राज्यातील सुमारे २२ लाख लोक परदेशात होते आणि त्यांपैकी सर्वाधिक सिंगापुरात होते.

सिंगापूरचे गणित

सिंगापूरचे धोरण किती बारकाईने आखलेले आहे, हे समजून घेतल्यास संस्था कशा जुळवून घेतात याचाही उलगडा होतो. परदेशी कामगार ठेवणाऱ्या मालकाला तेथे दर महिन्याला प्रत्येक कामगारामागे सरकारकडे कर भरावा लागतो. जानेवारी २०२४ पासून भारतासारख्या देशांतून आलेल्या बांधकाम कामगारासाठी हा कर उच्च कौशल्याचा कामगार असल्यास ५०० सिंगापूर डॉलर आणि प्राथमिक कौशल्याचा असल्यास ९०० सिंगापूर डॉलर ठरविण्यात आला. त्याच वेळी एका स्थानिक कर्मचाऱ्यामागे सात परदेशी कामगार ठेवण्याची मुभा पाचांवर आणण्यात आली.

या दोन आकड्यांतला फरक महिन्याला ४०० आणि वर्षाला ४,८०० डॉलर होतो. साहजिकच मालकाला अधिक कुशल माणूस हवा असतो. सिंगापूर सरकारने कोणालाही ‘अकुशल मजूर घेऊ नका’ असे सांगितले नाही. करातील फरकानेच ते काम केले.

बांधकामावर जाणाऱ्या भारतीय कामगाराला सिंगापूरच्या इमारत व बांधकाम प्राधिकरणाची कौशल्य परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ही परीक्षा भारतातील मान्यताप्राप्त केंद्रांत देता येते आणि तमिळनाडू हे अशा केंद्रांचे प्रमुख ठिकाण आहे. फरशी बसविणे, नळजोडणी, सळया वाकविणे, जोडकाम अशा एकेका कामाची तेथे तयारी करून घेतली जाते. कंगाणी ज्या ठिकाणी उचल देऊन टोळी जमवीत असे, त्याच मुलुखात आज प्रशिक्षण केंद्र शुल्क घेऊन तुकडी जमविते. नियम कडक झाला की नवा अभ्यासक्रम निघतो. या दृष्टीने पाहता या केंद्रांचा जुळवून घेण्याचा वेग कोणत्याही सरकारी खात्यापेक्षा अधिक आहे.

पण पैशाची दिशा पाहावी. कंगाणी कामगाराला उचल देत होता आणि ती नंतर वसूल करीत होता. येथे कामगार नोकरी हाती येण्यापूर्वीच शिक्षण, परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि दलाल यांचा खर्च स्वतः करतो. त्यासाठी तो दागिने वा जमीन गहाण टाकतो किंवा खासगी सावकाराकडे जातो. सिंगापूरच्या कायद्यानुसार तेथील भरती संस्थेला कामगाराकडून करारातील प्रत्येक वर्षामागे एका महिन्याच्या आणि एकूण जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या पगाराइतकेच शुल्क घेता येते. मालकाला स्वतःचा कर कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. मात्र हा कायदा सिंगापूरच्या हद्दीत लागू होतो. ओरत्तनाडु किंवा पट्टुकोट्टई येथील उपदलालाने हातात घेतलेली रोकड त्याला दिसत नाही.

धोरण उदार झाले तरी याच सावकारी गणिताचा प्रश्न राहतो. १ जुलै २०२५ पासून सिंगापूरने कामाच्या परवान्यावरील कामगारांना किती वर्षे राहता येईल, यावरची कमाल मर्यादा काढून टाकली. ज्याने कर्ज काढून परीक्षा दिली त्याला हा दिलासा निश्चितच आहे, कारण कर्ज फेडून झाल्यावर कमावण्याची वर्षे त्याला अधिक मिळतील. उलट मार्च २०२३ मध्ये मलेशियाने नव्या परदेशी कामगारांच्या कोट्याचे अर्ज स्वीकारणे थांबविले. अशा थांब्यात दलालाचा परवाना कायम राहतो, पण आगाऊ पैसे भरून बसलेल्या उमेदवाराचे व्याज चढत राहते. धोरणाच्या अनिश्चिततेचा विमा या साखळीत सर्वांत दुबळ्या माणसानेच उतरविलेला असतो.

सरकारी यंत्रणेने काय केले?

या दोषांची जाणीव सरकारला नव्हती असे नाही. २००३ मध्ये केंद्राने प्रवासी भारतीय विमा योजना आणली. आज तिच्यात अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते आणि दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तर तीन वर्षांचा ३७५ रुपये आहे. २०१५ पासून ‘ई-मायग्रेट’ ही संगणकीय यंत्रणा सक्तीची झाली. परदेशी मालक, भरती करणारा आणि कामगार यांची नोंद तिच्यात एकत्र होते, त्यामुळे करारातील वेतन मागाहून बदलणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही. २०१७ मध्ये भरती शुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये अधिक कर अशी ठरविण्यात आली. २०१८ पासून निघण्यापूर्वीचे एक दिवसाचे मोफत मार्गदर्शन सुरू झाले.

२०१५ मध्येच आणखी एक पाऊल उचलले गेले. परिचारिकांकडून प्रचंड रकमा उकळल्या जात असल्याच्या तक्रारींनंतर अनुज्ञा आवश्यक असलेल्या देशांसाठी त्यांची भरती सुरुवातीला केवळ राज्यांच्या सरकारी संस्थांकडे देण्यात आली. केरळच्या संस्थांबरोबर तमिळनाडूचे १९७८ चे महामंडळही त्यात आले. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या महामंडळाला नव्या नियमाने नवे महत्त्व दिले. तमिळनाडूने २०११ मध्ये अनिवासी तमिळांच्या कल्याणासाठी स्वतंत्र कायदाही केला.

या सर्व उपायांची दिशा योग्य असली तरी त्यांची पोच मर्यादित आहे. संगणकावरील नोंद ज्याच्या पासपोर्टवर अनुज्ञेची अट आहे त्याचीच प्रामुख्याने होते. शुल्काची मर्यादा परवानाधारकाला बांधते, पण गावातला उपदलाल पावतीच देत नाही. अनेक जण पर्यटक व्हिसावर जाऊन तेथे काम शोधतात. त्यांच्याकडे विमाही नसतो आणि कराराचा कागदही नसतो.

२०२० च्या साथीने हे अंतर उघड केले. सिंगापुरातील कामगारांच्या वसतिगृहांत संसर्ग झपाट्याने पसरला. त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत तेथील सुमारे ४७ टक्के कामगारांना लागण होऊन गेल्याचे तेथील सरकारनेच जाहीर केले. ‘वंदे भारत’ मोहिमेअंतर्गत तिरुचिरापल्लीच्या विमानतळावर विमाने उतरू लागली. एका शतकापूर्वी ज्या शहरात मजूर पाठविण्याचे कार्यालय उघडले होते, त्याच शहरात आता माणसे परत घेण्याची घाई चालू होती. मात्र गावी परतलेल्या माणसाचे थकलेले वेतन मिळवून देईल किंवा त्याच्या कर्जाची मुदत वाढवून देईल, अशी संस्था जवळपास नव्हती. पाठविण्यासाठी डझनभर कार्यालये असतात. परतलेल्यासाठी बहुधा एकही नसते.

महाराष्ट्रासाठी

हा विषय तमिळनाडूपुरता मर्यादित समजणे चुकीचे ठरेल. आखाती नोकऱ्यांच्या भरतीचे मुंबई हे फार जुने केंद्र आहे आणि रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांची चूल त्या नोकऱ्यांवर पेटत आली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. जर्मनीने आपल्या स्थलांतर कायद्यात कुशल कामगारांसाठी केलेल्या सवलतींना दिलेला हा प्रतिसाद होता. त्यासाठी जर्मन भाषेच्या शिक्षणाची व्यवस्था करण्याचे राज्याने ठरविले.

या प्रयोगाचे यश किती जण गेले यावर मोजले जाईल, हे उघड आहे. त्याबरोबर आणखी एक मोजमाप ठेवावे. निघताना उमेदवाराच्या डोक्यावर किती कर्ज होते आणि नोकरी न मिळाल्यास भाषा शिकण्यात गेलेले महिने व पैसे यांची भरपाई कोणी केली, हेही पाहिले गेले पाहिजे. ऊसतोडीच्या उचलीने काय होते हे ज्या राज्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे, त्याला या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये.

नव्या कायद्याकडून अपेक्षा

ओरत्तनाडुच्या दोन शतकांच्या अनुभवातून काही गोष्टी ठळकपणे पुढे येतात. धोरणे बदलली की संस्था बदलतात, यात शंका नाही. छत्राची शाळा झाली, छावणीची दिशा उलटली, कंगाणीच्या जागी परीक्षा केंद्र आले आणि दहावीचे प्रमाणपत्र प्रवासाचे कागदपत्र झाले. मात्र प्रत्येक संस्था ज्याच्या पैशावर चालते त्याच्या सोयीनेच बदलते. मळेवाल्यांच्या वर्गणीतून निधी उभा राहिला तेव्हा प्रवासाचे कर्ज मजुराच्या खात्यातून गेले. आज कामगाराच्या शुल्कावर चालणारी केंद्रे नवनवे अभ्यासक्रम काढतात, कारण त्यांचे उत्पन्न उमेदवारांच्या संख्येवर असते. त्यांपैकी किती जणांना काम मिळाले यावर ते अवलंबून नसते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९७ च्या आपल्या १८१ व्या कराराद्वारे भरतीचे शुल्क कामगाराकडून घेऊ नये हे तत्त्व मांडले. भारतातील नव्या कायद्याने ते टप्प्याटप्प्याने स्वीकारणे शक्य आहे. परदेशी मालकाकडून भरतीमागे ठरावीक रक्कम घेऊन ती स्वतंत्र निधीत जमा करता येईल. परीक्षेचा व प्रशिक्षणाचा खर्च त्यातून परत देता येईल आणि अचानक भरती बंद झाल्यास उमेदवाराला भरपाई मिळू शकेल. अशी कल्पना अव्यवहार्य आहे, असा आक्षेप घेतला जाईल. मालक दुसऱ्या देशाकडे वळतील, ही भीतीही निराधार नाही. तथापि १९०७ मध्ये रबराच्या मळेवाल्यांनी, स्वतःच्या सोयीसाठी का होईना, नेमके हेच केले होते.

दुसरी अपेक्षा जवळच्या कार्यालयाची आहे. करार वाचून समजावणे, दलालाचा परवाना तपासणे आणि परतलेल्याची तक्रार नोंदविणे ही कामे चेन्नई वा मुंबईत बसून पुरेशी होत नाहीत. ती तालुक्याच्या गावी व्हावी लागतात. ओरत्तनाडुमध्ये आज शाळा आहेत, कला महाविद्यालय आहे आणि २०१२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. परदेशी जाणाऱ्याला शुल्क न घेता सल्ला देणारी एक खिडकी अशा गावात असणे ही अवाजवी मागणी नाही.

सरफोजीराजांनी कंपनीशी पत्रव्यवहार करून जे वाचवू पाहिले ते छत्राच्या भिंतींपुरते नव्हते. वाटेवर निघालेल्या माणसाचा खर्च वाटेनेच सोसावा, ही व्यवस्था त्यांना टिकवायची होती. नव्या कायद्यावर मत नोंदविताना मसुद्यातील प्रत्येक कलमापुढे हाच प्रश्न विचारता येईल की, याचे पैसे कोण भरणार?